देवाजींचा चार्ज

पेट्रोलचा जमाना संपला, असं देवाजी सोनकुसरे यांनी एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली जाहीर केलं. जाहीर केलं ते नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर, लुंगी नेसून. श्रोते दोनच होते. बायको कांताबाई आणि शेजारच्या शोभाताई, दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पण आवाज असा लावला होता की अरबस्तानातल्या शेखांनीही ऐकून घ्यावं.

"पाहजा तुमी," ते म्हणाले. "दहा वर्षांत या नागपुरात एकही गाडी धूर सोडनार नाही. साऱ्या विजेवर चालतीन. अन् पहिली कोनाची? माही."

"पहिले चालू तं द्या," कांताबाई तांदळातून मान वर न काढता म्हणाल्या.

आणि ती चालली, हे कबूल केलं पाहिजे. कबाड्याकडून आणलेल्या मोटारसायकलचं इंजिन देवाजींनी काढून टाकलं होतं. मागच्या चाकाशी जुन्या जीपचा डायनॅमो बसवला, उलटी वीज देऊन त्यालाच मोटर करून टाकलं. ट्रकच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. एक इंजिनाच्या रिकाम्या जागी, दुसरी सीटच्या मागे कॅरियरवर, दोरीनं आवळून. पहिल्या दिवशी गाडी ओट्यासमोरून निघाली ती शोभाताईंच्या तुळशीपर्यंत गेली आणि कोणालाही कळलं नाही, कारण आवाजच नव्हता. शोभाताईंना कळलं ते तुळस आडवी झाल्यावर.

दोन महिन्यांत देवाजींनी सगळं बसवत आणलं. रोज संध्याकाळी वहीत आकडे. किती वेळ चार्ज घेतला, किती चालली, कुठे उतरला, उतरल्यावर थोडा दम खाऊ दिला तर परत किती चालली. घरात 'चार्ज' या शब्दाशिवाय दुसरा शब्द उरला नाही. जेवायला बोलावलं तर ते म्हणत, चार्ज पाहून येतो. पाहुणे आले की म्हणत, बसा, चार्ज लावून राहिलो. ऑफिसात मात्र त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. ऑफिसासाठी त्यांनी वेगळा बेत राखून ठेवला होता.

त्याचं असं झालं. देवाजी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लर्क होते. त्या कचेरीचं काम नेमकं काय, हे तिथल्या लोकांनाही एका वाक्यात सांगता यायचं नाही, पण तिथे साहेबाच्या खोलीत एक लाकडी बोर्ड होता. काळ्या बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत, सन एकोणीसशे अकरापासून त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाचं नाव. पंधरा दिवस चार्ज सांभाळणाऱ्याचंसुद्धा, पुढे कंसात 'प्रभारी' लिहून. एकोणतीस वर्षं देवाजी तो बोर्ड स्वतःच्या रुमालानं पुसत आले होते. खाली फक्त एका ओळीची जागा उरली होती. आणि पुढच्या मार्चमध्ये देवाजी रिटायर होणार होते.

अशा वेळी गणपतराव साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं, साहेब महिन्याच्या रजेवर निघाले, आणि सीनिऑरिटीप्रमाणे हुकूम आला की सोमवारी सकाळी साडेदहाला श्री. सोनकुसरे यांनी चार्ज घ्यावा. देवाजींनी तो हुकूम घरी आणून कांताबाईंना तीनदा वाचून दाखवला. इंग्रजीत होता, तरी त्यांनी तीनदा ऐकला.

"म्हंजे मी महिनाभर साहेबीन?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर काहून? बोर्डावर नाव राहीन. आपन मेल्यावरही राहीन."

कांताबाई दुसऱ्याच दिवशी शोभाताईंना आणि गल्लीतल्या आणखी चार बायकांना सोमवारी संध्याकाळी पेढ्याला बोलावून आल्या. इथून पुढे जे झालं त्यात त्या बिचारीचा काही दोष नाही.

दोष देवाजींच्या बेताचा. चार्ज घ्यायला जायचं ते विजेच्या गाडीवर. साडेदहाच्या ठोक्याला गाडी आवाज न करता पोर्चमध्ये येऊन थांबेल, सगळा स्टाफ खिडकीत येईल, आणि साहेब म्हणतील, सोनकुसरे, हे काय? पुढचं उत्तरही पाठ करून ठेवलं होतं.

"आज सायकलनं जा न," कांताबाई सकाळी म्हणाल्या. "गाडी उद्या न्या."

"साहेब का सायकलवर येते?"

"पोट भरलं काय तिचं?"

इथे देवाजी जरा चाचरले. कारण रविवारी सबंध दुपार त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला एकेक चक्कर मारून आणली होती. शोभाताईंच्या यजमानांना तर दोन. मग रात्री गेलेली वीज पहाटे आली, तेव्हा चार्ज मिळाला तो तीन तासांचा.

"अर्धं भरलं," ते म्हणाले. "अर्ध्यातही जाते. वहीत हिशोब आहे माह्याजवळ."

निघण्याआधी त्यांनी मागच्या बॅटरीत पाणी घातलं आणि घाईत झाकणं नुसती ठेवली, आवळली नाहीत. कडक इस्त्रीची पांढरी सुती पँट घातली. टेरिलीनचीही एक होती, पण साहेबाला सुती शोभते असं त्यांचं मत. कांताबाईंनी हातावर दही दिलं, डबा दिला, आणि गाडी निघाली.

महालापर्यंत प्रवास सुखाचा झाला. पुढे एक अडचण लक्षात आली, जी गल्लीत कधी आली नव्हती. गाडीला आवाज नसल्यामुळे रस्त्यावरचं कोणी बाजूलाच होईना. माणसं निवांत मधून चालत होती, गाई मधोमध उभ्या होत्या, एक भाजीवाली तर टोपली ठेवायला नेमकी चाकापुढे वाकली. देवाजींनी हॉर्न दाबला. हॉर्न बॅटरीवरच. कॉटन मार्केट येईपर्यंत त्यांनी इतका हॉर्न वाजवला की चालायला जेवढी वीज लागली तेवढीच ओरडायला लागली असावी. वहीत हॉर्नचा रकानाच नव्हता.

वाटेत खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला मागची बॅटरी उचंबळायची आणि सीटवर थोडं काही सांडायचं. बसल्या जागी ओलसर लागलं. पाणी जास्त झालं वाटते, असं म्हणून देवाजींनी ते सोडून दिलं.

मग आला लोहापूल. रेल्वेच्या त्या पुलाखाली रस्ता उतरतो आणि पलीकडे बर्डीच्या बाजूला चढतो. उतारावर गाडी अशी गेली की देवाजींना आपण आत्ताच साहेब झालो असं वाटलं. चढावर ती आधी कण्हली, मग थबकली, मग उभी राहिली. आणि मागून येणाऱ्या सगळ्या नागपुरानं आपापले हॉर्न वाजवले. त्यांचे हॉर्न पेट्रोलवाल्या गाड्यांचे असल्यामुळे दणदणीत होते.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. गाडी तिथेच टाकून रिक्षा करून गेले असते तर ही कथा इथेच संपली असती. पण दोन बॅटऱ्या लोहापुलाखाली सोडून जायच्या म्हणजे परत आल्यावर नुसता सांगाडा मिळणार. शिवाय वहीत लिहिलंच होतं की वीस मिनिटं दम खाऊ दिला तर बॅटरी परत थोडी चढते. देवाजींनी गाडी ढकलत मागे कॉटन मार्केटशी आणली, आणि ऑफिसला उशीर कळवावा म्हणून ओमप्रकाश नावाच्या संत्र्याच्या अडत्याच्या दुकानात शिरले.

"करो ना भाऊ फोन, अपनाच समझो," ओमप्रकाश म्हणाला.

तिकडे फोन उचलला तो भैय्याजीनं, चपराशानं. बाकी सगळे साहेबाच्या खोलीत हार घेऊन उभे होते.

आता गंमत अशी, की एकोणतीस वर्षं देवाजींनी 'चार्ज' हा शब्द फक्त खुर्चीसाठी वापरला होता. चार्ज दिला, चार्ज घेतला, चार्ज सोडला. कचेरीत त्याचा दुसरा अर्थच नाही. पण मागच्या दोन महिन्यांत त्यांच्या डोक्यातून खुर्ची निघून तिथे बॅटरी बसली होती, आणि हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. त्यात गाडी बंद पडली असं चपराशाला सांगायची लाज. म्हणून त्यांनी गाडीचं नावच घेतलं नाही.

"भैय्याजी, मी देवाजी बोलून राहिलो. साहेबाले सांग, चार्ज संपला."

"काय संपला?"

"चार्ज गा, चार्ज. लोहापुलाखाली पूर्ण उतरला."

"मंग आता चार्ज घेत नाही काय तुमी?"

"इथं कसा घेऊ? घरी जाऊनच घ्यावा लागन. आठ तास लागते त्याले."

"पन झालं काय, बाबूजी?"

"लोड झेपला नाही न. जुनं झालं सारं. पहिल्यासारका जोर नाही राह्यला."

"असं नोका म्हनू, बाबूजी," भैय्याजीचा आवाज भरून आला. "तुमी लय केलं."

देवाजींना हे वाक्य जरा जास्त वाटलं. "जरा दम घेतो अन् येतो, तवापर्यंत थांबा म्हना," असं ते सांगत होते, पण तेवढ्यात मागे संत्र्यांचा लिलाव सुरू झाला आणि तो निरोप बोलीच्या आरोळ्यांत बुडाला. फोन ठेवून ते निश्चिंत झाले. कळवलं तर आहे.

वीस मिनिटांनी गाडीला खरोखर थोडा दम आला. पुलाखालून चढ चढून ती बर्डीच्या तोंडाशी जाऊन परत बसली. शेवटी एक सायकलरिक्षावाला तयार झाला. त्यानं दोरी बांधली आणि गाडीकडे वाकून पाहिलं.

"बाबूजी, पेट्रोल खतम?"

"इसमें पेट्रोल लगता ही नहीं," देवाजी मोठ्या अभिमानानं म्हणाले.

"फिर खतम क्या हुआ?"

देवाजींनी हँडल धरलं. सबंध बर्डी त्यांनी रिक्षामागे दोरीनं बांधलेल्या गाडीवर ताठ बसून पार केली. ओळखीची तीन माणसं भेटली. तिघांनाही त्यांनी मान खाली घालून टाळलं, म्हणजे तिघांनीही नीट पाहिलं.

ऑफिसात पोचले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. खिडकीत कोणी नव्हतं. पोर्चमध्ये भैय्याजी होता, तो धावत आला आणि त्यानं देवाजींचा दंड धरला, आजारी माणसाचा धरतात तसा.

"कायले आले बाबूजी? आराम करा लागत होता."

आत टायपिस्ट प्रेमिलाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. सगळे हळू बोलत होते. साहेबाची खोली उघडी होती आणि खुर्चीच्या अगदी कडेला, बसल्यासारखा न बसल्यासारखा, मुकुंद देशकर टेकला होता. मुकुंद म्हणजे देवाजींच्या हाताखालचा क्लार्क, वय वर्षं बत्तीस. नोकरीला लागला तेव्हा फाइल कशी बांधायची तेही त्याला देवाजींनीच शिकवलेलं. देवाजींना पाहून तो असा उठला की खुर्ची मागे पडली.

"बाबूजी, मी नाही म्हनत होतो. साहेबांनीच..."

"साहेब कोठी आहे?"

"त्यांची बाराची गाडी होती."

मग भैय्याजीनं सगळं सांगितलं, आणि काम चोख केल्याच्या समाधानानं सांगितलं. "मी शब्दनशब्द सांगतला साहेबाले. सोनकुसरेबाबू चार्ज घेत नाही म्हनते. लोड झेपत नाही. जोर राह्यला नाही. घरी जाऊन आठ तास पडून राहतो म्हनते. तं साहेबाच्या डोळ्यात पानी आलं. म्हने, असं तोंडानं कबूल करनारा मानूस मी नोकरीत पाह्यला नाही. बळजबरी करू नोका."

टेबलावर चार्ज रिपोर्टची कार्बन कॉपी होती. शनिवारी देवाजींनी स्वतः उभं राहून प्रेमिलाबाईंकडून ती टाइप करून घेतली होती. आता 'सोनकुसरे'वर एका ओळीत नऊ फुल्या होत्या आणि वर, जरा तिरपं, 'देशकर'.

"मी फाडतो हा कागद," मुकुंद म्हणाला. "नवीन करू. तुमीच बसा."

"आउटवर्ड नंबर पडला काय?"

"पडला. वरच्या ऑफिसात गेला पन."

नंबर पडला की कागद सरकारचा, त्याला हात लावायचा नाही. हे वाक्य त्या कचेरीत एकच माणूस एकोणतीस वर्षं म्हणत आला होता. शिवाय कागद फिरवायचा तर कारण लिहावं लागलं असतं. काय लिहिणार? अर्जदाराच्या बोलण्यात मोटारसायकल होती?

देवाजींनी कागद होता तसा टेबलावर सरकवून ठेवला. कोणाला तोंड दाखवू नये म्हणून ते वळले आणि बोर्डासमोर जाऊन उभे राहिले. खालची एक ओळ रिकामी होती. मागे एकदम शांतता पसरली. माझं दुःख यांना कळलं, असं वाटून देवाजींना आणखी भरून आलं. ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

शेवटी भैय्याजी जवळ आला आणि कानाशी म्हणाला, "बाबूजी, मांगून हवा लागून राहिली असन तुमाले."

देवाजींनी मागे हात नेला. बॅटरीतलं ते पाणी पाणी नव्हतं, अ‍ॅसिड होतं. सुती कापड जागोजाग विरून गेलं होतं, आणि एवढा वेळ सगळी कचेरी जे बघत होती ती त्यांची निळ्या पट्ट्यांची चड्डी होती. प्रेमिलाबाई टाइपरायटरवर वाकल्या होत्या, पण यंत्रात कागद नव्हता.

त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण: प्रकृती. रजा मंजूर करायची ती कचेरीच्या प्रमुखानं. मुकुंदनं प्रमुख म्हणून आयुष्यातली पहिली सही केली ती त्या अर्जावर. देवाजी एक जाडी फाइल पाठीमागे धरून, भिंतीच्या कडेनं, नव्या साहेबांना पाठ न दाखवता बाहेर पडले. इतका मान त्या खुर्चीला आजवर कोणी दिला नसेल. रिक्षावाला अजून थांबला होता.

दोन वाजता घरी आल्यावर कांताबाईंनी विचारलं, "एवढ्या लवकर?"

"साहेबाले कोन इचारते? साहेब केव्हाही घरी येते."

"अन् पँटले काय झालं?"

"खिळा लागला."

"एवढे खिळे?"

देवाजींनी गाडी ओट्यावर चढवली, चार्जरचा प्लग लावला आणि पांघरूण घेऊन पडले. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण संध्याकाळी कांताबाई नवं पातळ नेसून आल्या, ओट्यावर सतरंजी पडली, पाच बायका जमल्या, आणि देवाजींच्या कपाळाला कुंकू लागलं. पेढे आले. सांगायची वेळ प्रत्येक पेढ्याबरोबर मागे जात होती.

"भाऊजी," शोभाताईंनी विचारलं, "घेतला न मंग चार्ज?"

ओट्याच्या कोपऱ्यात गाडीचा चार्जर बारीक आवाजात घुमत होता. देवाजींनी गाडीकडे पाहिलं. "घेनं सुरूच आहे," ते म्हणाले. खोटं नव्हतं, पण त्यांना स्वतःची किळस आली.

त्याच वेळी फाटकाशी सायकलची घंटी वाजली. मुकुंद देशकर उभा होता, हातात देवाजींचा डबा. घाईत ऑफिसातच राहिला होता.

"सोनकुसरेबा..." म्हणून तो थांबला. त्यानं सतरंजी पाहिली, पेढे पाहिले, देवाजींच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं. कांताबाईंच्या अंगावरचं नवं पातळ पाहिलं.

"साहेब," मुकुंद म्हणाला, "तुमचा डबा राह्यला होता."

"हे कोन?" शोभाताईंनी विचारलं.

"मी मुकुंद, ताई. साहेबाच्या हाताखाली आहो."

त्याला बसा म्हटलं तर तो बसला नाही. साहेबासमोर कसं बसावं, म्हणाला. देवाजींनी त्याच्या हातावर पेढा ठेवला, पण वर पाहणं काही जमलं नाही. मुकुंदच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, तेवढा त्यांनी नीट पाहून घेतला.

बायका गेल्यावर कांताबाईंनी सतरंजी गुंडाळली आणि शेजारी येऊन बसल्या.

"थो पोरगा तुमाले साहेब म्हने, अन् तुमी खाली पाहत होते. काहून?"

मग देवाजींनी सांगितलं. लोहापूल, फोन, फुल्या, चड्डी, सगळं. बोर्डाची शेवटची ओळ आता मुकुंदच्या नावे जाईल आणि पेंटरला त्याच्या नावाची अक्षरं हेडक्लर्क म्हणून आपल्यालाच लिहून द्यावी लागतील, हेही सांगितलं. कांताबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

सांगून झाल्यावर त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी प्लग काढून टाकला. चार्जरचं घुमणं थांबलं.

"ज्याच्यानं चार्ज घेनंच होत नाही," त्या म्हणाल्या, "त्याले कायले लावून ठेवता? उगाच बिल येते."

हे त्या गाडीला म्हणाल्या की आणखी कोणाला, ते देवाजींनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते सायकलनं गेले आणि नव्या साहेबांच्या आधी पोचले.